पोट भरते, ताट भरत नाही

निर्वासित म्हटले की आपल्याला सीमेपलीकडून आलेली माणसे आठवतात. १९४७च्या फाळणीनंतर जळगावात येऊन वसलेली सिंधी कुटुंबे आठवतात. पण घर सुटायला देशाची सीमाच ओलांडावी लागते असे नाही. १८५७नंतर उत्तरेतले विणकर पोटासाठी मालेगाव-धुळ्याकडे आले. माझे पूर्वज त्यांतलेच. आणि अलीकडे, १९९०च्या दशकात, सरदार सरोवराच्या पाण्याने मणिबेलीसारखी सातपुड्यातली आदिवासी गावे उठवली. ती तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. १९९८मध्ये नंदुरबार जिल्हा झाला, त्यात गेली.

गाव उठते तेव्हा जमीन मोजतात, घर मोजतात, झाडे मोजतात. ताट कोणी मोजत नाही. नर्मदाकाठच्या त्या ताटात ज्वारी-मक्याची भाकरी होती, डाळी होत्या, नदीतले मासे, रानातली भाजी आणि मोहाची फुले होती. यातले बरेचसे विकत घ्यावे लागत नव्हते. नदी आणि रान दुरावले की तेच बाजारातून आणायचे. मजुरीच्या पैशात मग जे स्वस्त आणि पटकन पोट भरणारे, तेच घरात येते.

याचा शरीरावर काय परिणाम होतो? मी कवितेचा माणूस, वैद्य नव्हे. पण डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले ते सांगतो. काटा रुतला की बोट सुजते, लाल होते. ही शरीराची राखण. काटा निघाला की सूज ओसरते. पण एक दाह असा असतो की तो दिसत नाही, दुखत नाही आणि विझतही नाही. राखेखालच्या विस्तवासारखा वर्षानुवर्षे धुमसतो. रक्ताच्या सीआरपी नावाच्या तपासणीत त्याचा माग लागतो. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी त्याचे नाते आहे.

मैदा, साखर, वनस्पती तूप, तळलेले पदार्थ रोजचेच झाले की या विस्तवाला फुंकर मिळते. कोंड्यासकट धान्य, डाळी, भाज्या, फळे आणि मासे त्याला आवर घालतात. भाजी-धान्यातला चोथा आतड्यातल्या उपकारक जंतूंचे अन्न. ते जंतू दाह शमवणारी द्रव्ये तयार करतात. तंबाखू, अपुरी झोप आणि सततची काळजी यांचाही यात वाटा आहे. विस्थापिताच्या उशाशी काळजी तर कायमची बसलेली.

जगातल्या कित्येक निर्वासित छावण्यांत शिधा म्हणजे धान्य, डाळ, तेल आणि मीठ. भूकबळी टाळायला तो हवाच. आपल्याकडे २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. ही मोठी गोष्ट आहे. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणा ठरेल. पण जागतिक आरोग्य संघटना माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात म्हणते. ते ४०० ग्रॅम कोणत्या कार्डावर मिळतात?

धुळ्यात रात्रपाळी करून यंत्रमागावरून उतरलेला मजूर चहा-पाव खातो. त्याला 'हे खाऊ नका' सांगणे सोपे आहे. घरी चूल पेटवायला वेळ कुठला आणि पालेभाजीला पैसे कुठले, हे विचारणे अवघड.

आपल्या खानदेशाकडे याचे एक उत्तर आहे. ज्वारी आणि सालासकट उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी. धान्य आणि डाळ एकाच घासात. सोबत अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे, जळगावचे एखादे केळे. आज कळण्याची भाकरी हॉटेलात हौसेने मागवली जाते आणि ज्याला तिची गरज, त्याच्या पिशवीत पाव असतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. शिध्याच्या पिशवीत ज्वारी आणि डाळ नेमाने असावी. मजुरांच्या वस्तीजवळ पाळी सुटायच्या वेळी भाकरी-भाजी मिळावी; बचतगटाच्या बायकांना हे काम सहज जमेल. आणि पुढे कुठल्या धरणासाठी, रस्त्यासाठी गाव उठवायचेच झाले, तर पंचनाम्यात एक ओळ वाढवावी: ही माणसे काय खात होती, आणि आता ते त्यांना कुठून मिळणार?