आग ठेवली, झाड सोडलं

कपाशीची उलंगवाडी झाली. आता जामच्या चौकापासून गिरडच्या टेकडीपर्यंत आपल्या समुद्रपूर तालुक्यात धूर दिसू लागेल. पऱ्हाटी उपटायची, ढीग लावायचा, काडी ओढायची. धुऱ्यावरचं गवतही त्याच आगीत. वर आपण म्हणतो, राखेनं जमीन सुधारते. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आगीवरच शेती करणाऱ्यांकडून समजतं.

भामरागड-अबुझमाडच्या डोंगरातले माडिया आदिवासी रान जाळून शेती करत आले. तिला ते ‘पेंडा’ म्हणतात. झाडोरा तोडायचा, वाळू द्यायचा, पेटवायचा आणि राखेत कोसरा हे भरडधान्य पेरायचं. दोन-तीन पिकं झाली की जागा सोडायची. तिथं पुन्हा रान उभं राहीपर्यंत परतायचं नाही. कारण राखेतून पालाश मिळतं, थोडं स्फुरद मिळतं, पण नत्र धुराबरोबर उडून जातं. ते परत येतं पालापाचोळ्यातून आणि मुळांतून. पेंड्याची खरी ताकद जमिनीच्या विसाव्यात होती.

आफ्रिकेत, सुदानच्या कोर्दोफान भागातल्या शेतकऱ्यांनी हा विसावाही कमाईचा केला. चार-पाच वर्षं बाजरी, तीळ काढायचे, मग रान ‘हशाब’ या झाडाला सोपवायचं. हशाब म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतातलंच. राजस्थानात त्याला कुमट म्हणतात. झाडं मोठी झाली की सालीला चिरा देऊन डिंक काढायचा. तो मिठाईत पडतो, शीतपेयात पडतो, जगभर विकला जातो. पंधरा-वीस वर्षांनी झाडं थकली की तोडून पुन्हा पेरणी. तोवर जमीन कसदार झालेली असते. जिथं वाटण्या वाढल्या आणि विसाव्याची वर्षं घटली, तिथं मात्र हे चक्र मोडलं.

आपल्याकडे चार-पाच एकरवाल्यानं रान पंधरा वर्षं पडीक ठेवायचं म्हटलं, तर घर चालायचं नाही. पण धुरा तर आहे! वखराला, तिफणीला लाकूड देणारी बाभूळ तिथंच उभी असायची. शेळ्यांना शेंगा मिळायच्या, जमिनीला नत्र मिळायचं. आपण आग तेवढी ठेवली आणि झाड सोडलं.

सावलीत पीक खुटतं, ही तक्रार खरी आहे. म्हणून पावसाळ्याआधी फांद्या छाटाव्यात. शिवाय सगळीच पिकं सावलीला भीत नाहीत. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपल्याच तालुक्यातली वायगावची हळद थोडी सावली सहज सोसते.

तेव्हा यंदा एवढंच करा. पऱ्हाटी बारीक करून रानातच कुजवा. धुरा पेटवू नका. तिथं आपोआप उगवलेली बाभळीची, निंबाची चार रोपं निवडा, त्यांना काट्यांचं कुंपण करा. रोप विकत आणायचं नाही, खड्डा खोदायचा नाही. फक्त काडी ओढायची नाही.