एकदा होऊन गेला, मग लस कशाला?

(अंकुशनगर येथील मेळाव्यात एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



भाषण करायची मला सवय नाही. आयुष्य सुया टोचण्यात गेलं. तेव्हा घडलं तसं सांगते.

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाची लस सुरू झाली, ती आधी आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना. मी आणि माझी एक सहकारी एकाच दिवशी, एकाच कुपीतून पहिला डोस घेऊन आलो. रात्री मला हुडहुडी भरून ताप, अंग ठेचल्यासारखं. तिला काहीच नाही. सकाळी हसून म्हणाली, "ताई, औषध सगळं तुमच्या वाट्याला आलं, मला नुसतं पाणीच मिळालं!"

फरक कुपीत नव्हता. मला चार महिन्यांपूर्वी कोरोना होऊन गेला होता, तिला नव्हता.

आपण साखर कारखान्याच्या गावात बसलोय, म्हणून उसाचंच सांगते. नव्या लागणीला मूळ धरायला वेळ लागतो. खोडव्याला मुळं आयती असतात. पाणी मिळालं की फुटवा जोरात. शरीराचंही असंच. आजार होऊन गेला की रक्तातल्या काही पेशी तो विषाणू लक्षात ठेवतात. पुढे लस टोचली की त्या लगेच कामाला लागतात, प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी भराभर तयार होतात. कोरोना न झालेल्याला मात्र पहिला डोस ही नवी लागण.

चेन्नईत आयसीएमआरच्या संशोधकांनी कोव्हॅक्सिन घेतलेल्या ११४ आरोग्य व आघाडीच्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. आधी कोरोना झालेल्यांमध्ये एका डोसनंतर जेवढी प्रतिपिंडं दिसली, साधारण तेवढी इतरांमध्ये दोन डोसनंतर दिसली. छोटाच अभ्यास, पण इतर देशांतही दुसऱ्या लशींबद्दल असंच आढळलं.

आता कुणी म्हणेल, ताप आला तरच लस लागू पडली. तसं नाही. ताप न येताही प्रतिपिंडं तयार होतात. माझ्या सहकारीची खरी चूक वेगळी. एक डोस झाला, आता काय होतंय, म्हणून तिने दुसऱ्याची तारीख पुढे ढकलली. मार्चमध्ये दुसरी लाट आली आणि ती आठ दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली, देवाची कृपा. दुसरा डोस खरा गरजेचा होता तो तिलाच.

त्याच वर्षी मी लसीकरणाच्या पथकाबरोबर सातपुड्यातल्या पाड्यांवर गेले. एका आजोबांना डोस दिला. रात्री ताप चढला आणि सकाळी अख्खा पाडा रानात पसार! आजोबा म्हणाले, "बाई, आमच्याकडं आजार नव्हता. तुम्ही सुईतून आणला."

आजार नव्हता, हे कुणी तपासलं होतं? जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरने देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ततपासणी केली. आपल्या शेजारचे बीड आणि परभणीही त्यात होते. देशभरात सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली. लस न घेतलेल्यांतही निम्म्याहून जास्त. म्हणजे कितीतरी जणांना आजार होऊन गेला आणि त्यांना पत्ताही लागला नाही. आजोबांना ताप का आला, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. पण आधी आजार झालेल्यांना पहिल्या डोसनंतर ताप जास्त येतो, हे दवाखान्यातल्या आम्हालाच अनुभवाने ठाऊक होतं. पाड्यावर ते आधी कुणी सांगितलं नाही. मीही नाही. ती बोच अजून आहे.

कुणाला होऊन गेला नि कुणाला नाही, हे पाड्यावर ओळखणार कसं? म्हणून दोन्ही डोस सगळ्यांनाच. आजोबांनी दुसरा घेतला, पण तिसऱ्या फेरीला, आणि आदल्या रात्री मी त्यांच्याच ओट्यावर मुक्काम केला तेव्हा.

हे जुनं उगाळतेय, कारण लहान मुलांच्या लशींच्या वेळीही तेच होतं. एक मूल तापलं की दहा आया दार लावून घेतात. उसतोडीला येणाऱ्या टोळ्यांच्या कोप्यांवर तर पुढच्या डोसपर्यंत कुटुंबच दुसऱ्या गावी गेलेलं असतं. तुमच्यापैकी जे पथकाबरोबर येतात, त्यांनी टोचण्याआधी सांगा: ताप येईल, दोन दिवसांत उतरेल. गोळी कधी, किती द्यायची ते नर्सला विचारून आईला समजावा. कार्डावर पुढची तारीख लिहा, आणि टोळी कुठल्या गावी निघालीय तेही विचारून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपीवर परत जा.