तंजावरचे भात आणि राबणाऱ्यांचा वाटा
(रेल्वे व टपाल कामगारांपुढील भाषणाचा मजकूर)

तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. आज आपण तिथल्या शेतात राबणाऱ्यांविषयी बोलू.

तामिळनाडू हे एकच राज्य, पण पिके किती तऱ्हेची! निलगिरीत चहा, इरोडला हळद, पोल्लाचीला नारळ, सेलमला आंबा, रामनाथपुरमला मिरची, कन्याकुमारीत रबर. आपल्याकडे कोकणात भात, कोल्हापूरला ऊस, विदर्भात कापूस, तसेच हे. कावेरीच्या मुखाकडील सपाट गाळाच्या तंजावरात मात्र मुख्यतः भातच. जूनपासूनचे कमी मुदतीचे ते कुरुवै, त्यानंतरचे लांब मुदतीचे ते सांबा.

हे सारे कावेरीच्या पाण्यावर चालते. 1934 साली पुरे झालेल्या मेत्तूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडायचा प्रघात आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तामिळनाडूसाठी दरवर्षी सोडायचे पाणी 177.25 अब्ज घनफूट ठरवले. तरीही 2024 साली धरणात साठा नसल्याने पाणी सुटायला 28 जुलै उजाडला.

अशा वर्षी एका भागाची तूट दुसऱ्या भागाच्या पिकाने भरून निघते, असे राज्याचा हिशेब सांगतो. पण इरोडला हळद चांगली आली म्हणून तंजावरात लावणी करणाऱ्या बाईची चूल पेटत नाही. नुकसानभरपाई शेताच्या क्षेत्रावर मोजतात. जिच्या नावावर जमीनच नाही, तिचे बुडालेले दिवस कोण मोजणार?

हा प्रश्न जुना आहे. 25 डिसेंबर 1968 रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात 44 दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक बायका व मुले होती. त्यामागे शेतमजुरांची संघटना आणि वाढीव मजुरीची मागणी यांवरून पेटलेला झगडा होता.

साथींनो, तंजावरचे भात मालगाडीने इतर जिल्ह्यांतल्या गिरण्यांना जाते. परगावी गेलेल्या मजुराची मनीऑर्डर टपालवाल्यांनीच वर्षानुवर्षे घरपोच केली. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही. पीक बुडाले तर जमीनमालकाबरोबर शेतमजुरालाही बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळाली पाहिजे. तंजावरात मिळावी, तशीच विदर्भात आणि कोकणातही मिळावी. ही मागणी आपण आपल्या शाखांच्या ठरावांत घालू या.