दलाल क्षमस्व

(अल्लीपूर येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, शेतीचे प्रश्न, फार तर नाट्यसंगीत. मी आयोजकांना म्हटलं, "शहरातलं घर दलालाशिवाय कसं विकायचं, यावर बोलतो." फोनवर थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाले, "बोला, पण अल्लीपुरात ऐकायला कोण येईल?" आज मागच्या दोन रांगा उभ्या आहेत, म्हणजे उत्तर मिळालं.

आपल्या भागातली पोरं शिकली आणि नागपूर-पुण्याला लागली. बापानं कुणी शेताचा तुकडा विकून, कुणी भविष्यनिर्वाह निधी काढून मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर किंवा थेट वाकडला फ्लॅट घेऊन दिला. पुढे पोरगं बंगळुरूला गेलं, नाहीतर कॅनडात. फ्लॅटला कुलूप, मेंटेनन्स चालू, आणि इकडे आईवडील विचारतात, हे आता विकायचं कसं? त्यांना ठाऊक असलेला मार्ग एकच असतो. कोपऱ्यावरच्या प्रॉपर्टीवाल्याकडे किल्ली द्यायची.

हा प्रॉपर्टीवाला घेतो किती? एक ते दोन टक्के, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून. ६० लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे १ लाख २० हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे जवळपास १५ क्विंटल कापूस. वेचणीची मजुरी धरून १५ क्विंटल कापूस काय असतो, हे या सभेत मी सांगायला नको.

पण मी दलालाला शिव्या द्यायला आलेलो नाही. चांगला दलाल वीस माणसांना जिने चढवतो, रिकामटेकड्यांना परस्पर वाटेला लावतो, आणि भावाच्या बोलणीत मधे बसतो, म्हणून समोरासमोर तोंड कडू होत नाही. गिऱ्हाईक आणणं हा त्यातला सोपा भाग. पैसे लागतात ते दोन गोष्टींचे: भावाची माहिती आणि अनोळखी माणसाबद्दलची खात्री. या दोन्ही गोष्टी आज बऱ्याच अंशी सरकारी दफ्तरातून मिळतात. ज्याने त्या स्वतः मिळवल्या, त्याने दलाली वाचवली. ज्याने नुसती "दलाल क्षमस्व" अशी जाहिरात दिली, त्याने काहीच वाचवलं नाही. त्याला पहिले दहा फोन दलालांचेच येतात, आणि प्रत्येकाकडे "पार्टी तयार" असते.

भावापासून सुरुवात करू. हिंगणघाटच्या यार्डात गाडी नेणाऱ्याला आजचा भाव कळतो. खेडा खरेदीवाला दारात येतो तेव्हा भाव त्याला माहीत असतो, आपल्याला नसतो, आणि क्विंटलमागचा फरक तिथेच पडतो. फ्लॅटचंही तेच होतं. प्रॉपर्टीवाला चहा मागवून विचारतो, "काका, तुमच्या हातात किती पाहिजेत तेवढं सांगा. वरचं माझं." काका म्हणतात ५४. तो ६० ला विकतो. दोन टक्क्यांच्या गोष्टी करता करता काकांचे सहा लाख गेले, आणि काका खूश, कारण मागितले तेवढे मिळाले! या "नेट" भावाला कधीही हो म्हणू नका. दलाल ठेवला तरी म्हणू नका.

मग भाव कळणार कसा? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. त्यात झालेल्या खरेदीखतांचा इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, दिसतो: मिळकत कोणती, क्षेत्रफळ किती, मोबदला किती, सरकारी बाजारमूल्य किती, तारीख कोणती. तुमच्याच स्कीममधला, तुमच्याच मजल्याच्या वरचा फ्लॅट मागच्या दिवाळीला किती रकमेने नोंदवला गेला, हे घरबसल्या समजतं. शेजारच्या दोन स्कीमही पाहा. एक सावधगिरी मात्र ठेवा. कागदावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. का, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इंडेक्स टू हा तळ समजा. रेडी रेकनर तर त्याहून वेगळी चीज. तो शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर आहे आणि चौरस मीटरवर असतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. पुष्कळ लोक या गुणाकारातच फसतात. दुसरी फसगत क्षेत्रफळाची. तुमच्या जुन्या कागदावर सुपर बिल्टअप १,००० फूट लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक कार्पेट विचारतं. टेप घेऊन खोल्या स्वतः मोजा. मोजलेलं क्षेत्र सांगणाऱ्या माणसावर गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो.

आता कागद. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण दलालाविना सौदा फसतो तो इथेच.

गिऱ्हाईक हल्ली कर्ज काढून घेतं, आणि बँकेचा वकील सर्च काढतो, साधारण तीस वर्षांचा. म्हणजे तुमचे कागद तपासणारा खरा परीक्षक तो आहे. त्याला काय लागेल ते जाहिरातीआधी एका फाइलमध्ये लावा. नागपुरात फ्लॅट बहुधा १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतो. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा पाहतात. पुण्या-मुंबईत सोसायटी असते, तिथे शेअर सर्टिफिकेट. नागपुरात आणखी एक प्रश्न हमखास येतो: आर.एल. आहे का? नागपूर सुधार प्रन्यासने लेआउट नियमित केल्याचं ते पत्र नसलं की बँक मागे सरकते आणि भाव खाली येतो. जागा नझूलची किंवा प्रन्यासच्या लीजची असेल तर लीजची मुदत, नूतनीकरण, हस्तांतरणाची परवानगी हे सगळं आधी. शिवाय आखीव पत्रिका, मंजूर नकाशा, घरटॅक्सची पावती, आणि तुम्ही कर्ज फेडलं असेल तर बँकेची एनओसी. कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत आहेत हे पहिल्याच भेटीत सांगून टाका.

सोसायटीच्या एनओसीवरून फार गोंधळ आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका विकायला सोसायटीची एनओसी बंधनकारक नाही. पण गिऱ्हाईकाची बँक मागते, म्हणून घ्यावी. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. "देणगी" म्हणून लाख-दोन लाख मागणारे सेक्रेटरी असतात. त्यांच्यापुढे परिपत्रकाची प्रत ठेवायची आणि गोड बोलायचं.

आणि नाव! फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील गेले, नॉमिनी मोठा मुलगा. तो समजतो घर माझं झालं. नॉमिनी हा वारस नव्हे. सोसायटीने त्याचं नाव लावलं तरी बहिणींचा, आईचा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही प्रकरणात नॉमिनीच्या नावे सोसायटीने हस्तांतरण करावं असं म्हटलं, आणि वारसांनी आपला हक्क वेगळा मागावा असंही म्हटलं. लोक पहिलं वाक्य लक्षात ठेवतात. वारसांची हक्कसोडपत्रं नोंदवून घेतल्याशिवाय अशा घराची जाहिरातच देऊ नका. बहीण सहीला यायला तयार असते; तिला रजिस्ट्रीच्या आदल्या रात्री फोन केला, की तिचं मन दुखतं आणि सौदा अडतो.

मुलगा परदेशात असेल तर तो आईवडिलांना कुलमुखत्यारपत्र देतो. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यायचं किंवा अपॉस्टिल करायचं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. मात्र मुखत्यारपत्रावरच घर "विकून टाकतो" म्हणणारा भेटला तर उठा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलंय.

फाइल तयार झाली की गिऱ्हाईक शोधायचं. सगळ्यात आधी तुमचा भाडेकरू, मग वरचे-खालचे शेजारी. त्यांचे मेहुणे, साडू त्याच इमारतीत घर शोधत असतात. वॉचमनला सांगा, सौदा झाल्यावर त्याला काय द्यायचं तेही आधीच सांगा. मग वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात आणि संकेतस्थळं. ९९एकर्स आहे, मॅजिकब्रिक्स आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या नोब्रोकरने तर मधला माणूस नको हाच धंदा केला. फोटो दिवसा, खिडक्या उघडून, पसारा आवरून काढा. गॅलरीत वाळत घातलेल्या चड्ड्यांसकट टाकलेले फोटो मी पाहिले आहेत.

जाहिरात दिली की एक फोन नक्की येतो: "मी आर्मीत आहे, घर न पाहताच पसंत, टोकन पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

दलाल ठेवण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक गंमत आहे. अमेरिकेत विकणारा एका एजंटाशी लेखी करार करतो आणि पाच-सहा टक्के कमिशन जातं. तिथल्या रियल्टर संघटनेविरुद्ध २०२३ मध्ये मिसूरीतल्या ज्यूरीने सुमारे १.८ अब्ज डॉलरचा निकाल दिला. २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि कमिशनचे नियम बदलले. आपल्याकडे करारच नसतो. एक किल्ली पाच जणांकडे, आणि तोच फ्लॅट पाच व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच भावांना फिरतो. पाहणारा म्हणतो, काहीतरी भानगड आहे. कधी दलाल ठेवलाच, तर एकच ठेवा, लेखी ठेवा, आणि दलाली रजिस्ट्रीनंतर द्या. वारसांत भांडण असेल, घरात हटवादी भाडेकरू असेल, किंवा इथून नागपूरला चकरा मारण्याची ताकद नसेल, तर जरूर ठेवा. आणि पावती घ्या. दलाली भांडवली नफ्यातून वजा होते, पण कागद असला तर.

बोलणीचं एक दृश्य सांगतो. नरेंद्रनगरचा फ्लॅट. घेणाऱ्याचे वडील काही न बोलता बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे राहिले, ओल पाहायला. विकणाऱ्या बाईंनी स्वतः सांगितलं, "दोन पावसाळ्यांपूर्वी गळत होतं. वॉटरप्रूफिंग केलं, हे बिल." म्हातारे बिल वाचून खाली बसले, आणि भावाचं बोलणं सुरू झालं. एकदा बसलेला माणूस बहुधा सौदा करून उठतो. घरातल्या एकानेच बोलायचं, हा दुसरा नियम. त्या बाईंचे यजमान मधेच म्हणाले, "आम्हाला घाईच आहे," आणि बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता पन्नास हजार गेले.

बयाणा बँकेतूनच घ्या. स्थावराच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावरची रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. बयाणापत्रात कर्ज मंजूर न झाल्यास काय, उशीर झाल्यास काय, हे लिहा. आणि पूर्ण रक्कम आल्याशिवाय ताबा नको. "पांढरा कमी दाखवू" याला भुलू नका. रेडी रेकनरचा आकडा दाखवलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरला, तर कर रेकनरच्या आकड्यावर लागतो. मुद्रांक शुल्क घेणारा भरतो. त्याला सांगा, बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो. बोलणीत हे कामाला येतं. विकणारा निवासी भारतीय असेल आणि सौदा ५० लाख किंवा वर असेल, तर घेणारा एक टक्का टीडीएस कापून भरतो. मात्र तुमचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हा एक टक्का वीस टक्के होतो. गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे घडतं, म्हणून आज घरी गेल्यावर पाहा.

नफ्यावरचा कर: २४ महिन्यांनंतर विकलं तर साडेबारा टक्के, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी इंडेक्सेशन लावून वीस टक्क्यांचाही पर्याय आहे, जे कमी पडेल ते. त्या नफ्यातून ठरल्या मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं वा बांधलं तर सूट मिळते, आणि ते घर शहरातच हवं असं नाही. इथे अल्लीपुरात जुनं पाडून तीन वर्षांत नवं बांधलं तरी चालतं. पण फ्लॅट विकून वावर घेतलं, तर या सुटीचा उपयोग नाही. आपल्याकडे नेमकं तेच करतात.

शेवटचं काम रजिस्ट्रीनंतरचं. अंगठा उठला, फोटो निघाला, पैसे खात्यात आले, की माणूस गाडीत बसून गावाला निघतो. महावितरणचं मीटर आणि महापालिकेचा घरटॅक्स मात्र तुमच्याच नावावर राहतो. नावं बदलून घेणं हे घेणाऱ्याचं काम, पण त्याला घाई नसते. तगादा तुम्ही लावायचा. किल्ली देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि ताबापत्रावर तो आकडा लिहून त्याची सही घ्या.