सृष्टीचें जाळें आणि लहान मुलें



प्राथमिक शाळेंतील मुलांना सजीवांचे परस्परसंबंध कसे शिकवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो शाळेचा दिसतो खरा. परंतु ज्या ज्या घरांत आठ-दहा वर्षांचें मूल आहे त्या त्या घराचाही तो आहे, असें मला वाटतें.

गवत नाकतोडा खातो, नाकतोड्यास बेडूक, बेडकास साप आणि सापास घार. ही अन्नसाखळी आपल्या मुलांस तोंडपाठ असते. तींत खोटें कांहीं नाहीं, पण अपुरें मात्र फार आहे. चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९२७ सालीं आपल्या ग्रंथांत अन्नसाखळीची कल्पना मांडली. आणि एका ठिकाणच्या साऱ्या साखळ्या परस्परांत गुंतलेल्या असतात, हेंही त्याच ग्रंथांत दाखविलें. आपण साखळी उचलली आणि गुंता मागें ठेवला. त्यांत भर म्हणून प्राण्यांचे ‘उपयुक्त’ आणि ‘उपद्रवी’ असे दोन रकाने पाडून दिले. कोणास उपयुक्त, हा प्रश्न मुलाच्या मनांत येण्यापूर्वींच उत्तर पाठ झालेलें असतें!

ह्याऐवजीं एक साधा खेळ सुचवितों. भाताचें खाचर घ्या. दहा-बारा मुलांस वर्तुळांत उभें करा आणि प्रत्येकाच्या हातीं एकेक चिठ्ठी द्या: भात, तुडतुडा, कोळी, चतुर, बेडूक, उंदीर, धामण, बगळा, घुबड, गांडूळ. आतां कोण कोणास खातो तें मुलांनींच सांगावें आणि सुतळीचा गुंडा त्याप्रमाणें एकाकडून दुसऱ्याकडे जावा. पांच मिनिटांत साखळी कोठल्या कोठें जाते व वर्तुळाच्या मध्यें जाळें तयार होतें. बगळा बेडूकही खातो आणि किडेही. धामणीस बेडूक चालतो आणि उंदीरही. मग बेडूक झालेल्या मुलानें आपली सुतळी हळूच ओढावी. ज्यांच्या हातास ओढ लागली त्यांनीं हात वर करावा, आणि नंतर त्यांनींही ओढावी.

‘बेडूक नाहींसे झाले तर काय होईल?’ असें आतां विचारा. एक मूल म्हणेल, किडे वाढतील. दुसरें म्हणेल, धामण उपाशी मरेल. तिसरें म्हणेल, छे, ती उंदरांकडे वळेल. ह्या ठिकाणीं शिक्षकानें फळ्यावर एकच उत्तर लिहिण्याचा मोह आवरावा. कारण तिन्ही मुलें विचार करीत आहेत आणि तिन्ही कांहीं अंशीं बरोबर आहेत. प्रत्येक उत्तरावर एकच शब्द उच्चारावा: ‘मग?’ किडे वाढतील, मग? भाताचा दाणा कमी भरेल; मग? ह्या ‘मग’मध्यें सारा पाठ आहे.

खेळांतील दोन उणिवाही मुलांस सांगून टाकाव्या. खेळांत साऱ्या सुतळ्या सारख्याच जाड असतात. सृष्टींत तसें नसतें. ज्याला दहा प्रकारचें अन्न चालतें त्यास एक धागा तुटल्यानें फारसें जाणवत नाहीं. जो एकाच अन्नावर जगतो त्याचा मात्र प्राण त्या धाग्याशीं बांधलेला असतो. दुसरें असें कीं, खेळांत ओढ तत्काळ कळते. सृष्टींत ती कळावयास कधीं कधीं दहा वर्षें लागतात. आणि तोंवर पुष्कळ हानि होऊन गेलेली असते.

ह्याचें आपल्याच देशांतील उदाहरण गिधाडांचें. १९९० नंतरच्या दशकांत भारतांतील गिधाडें झपाट्यानें मरूं लागलीं. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ ह्या काळांत इतकीं घटलीं कीं हजारांमागें जेमतेम एक उरलें. त्यांस कोणी बंदुकीनें मारलें नव्हतें. गुराच्या वेदना व सूज कमी व्हावी म्हणून लोक त्यास डायक्लोफेनॅक हें औषध देत. असें गुरूं मेलें व गिधाडानें खाल्लें, कीं गिधाडाचें मूत्रपिंड निकामी होई. हें कारण २००४ सालीं सिद्ध झालें. गाईवर केलेल्या उपचारानें आकाशांतील पक्षी मरावा, हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

मग? मेलेलीं गुरें उघड्यावर कुजूं लागलीं. मग? तें मांस भटक्या कुत्र्यांस मिळूं लागलें. कुत्र्यांची संख्या वाढली, आणि त्यांच्या चाव्याबरोबर पिसाळण्याच्या रोगाचें भयही वाढलें. मुंबईंत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दखम्यांत गिधाडें येईनाशीं झालीं, आणि शतकानुशतकांच्या अंत्यविधीस सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांचें साहाय्य घ्यावें लागलें. २००० ते २००५ ह्या काळांत गिधाडांच्या अभावीं देशांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मृत्यु पावलीं, असा अंदाज २०२४ सालीं दोन अर्थशास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. ज्या पक्ष्यास आपण कुरूप व अशुभ म्हणून हिणवीत आलों, त्याच्या हातीं एवढा मोठा धागा होता!

ही हकीकत मुलांस सांगावी; पण त्यांस घाबरवून सोडूं नये. पुढचा भागही तितकाच खरा आहे. २००६ सालीं भारतांत जनावरांसाठीं ह्या औषधाचें उत्पादन बंद करण्यांत आलें. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस अपाय न करणारें औषध उपलब्ध झालें. हरियाणांतील पिंजोर येथें गिधाडांची पैदास सुरू झाली. मात्र गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते, आणि पिल्लू स्वतः वीण करण्याजोगें होण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. बिघडावयास दहा वर्षें पुरतात. दुरुस्तीस एक पिढी लागते. हें गणित चौथीच्या मुलास सहज समजतें. तें त्याला स्वतः करूं द्यावें.

आतां घरासंबंधीं दोन शब्द. शहरांत राहणाऱ्यांस खाचर कोठून मिळणार, असें आपण म्हणाल. खाचराची गरज नाहीं. खिडकींतून दिसणारें एकच झाड निवडा. तें उंबराचें किंवा वडाचें असेल तर उत्तमच. मुलाला एक वही द्या. दर रविवारीं त्यानें अर्धा तास पहावें आणि लिहावें: फळें आहेत काय, मुंग्या कोठें जातात, कोणता पक्षी काय खातो, रात्रीं वटवाघुळें येतात काय. वर्षाअखेरीस बारा महिन्यांच्या नोंदी शेजारीं शेजारीं मांडल्या कीं ऋतूंबरोबर होणारे फेरफार त्याला आपोआप दिसतील. एखादे वर्षीं फांद्या छाटल्या गेल्या, खालची माती फरसबंद झाली, तर त्याचा परिणामही त्या वहींत उमटेल. पाठ्यपुस्तकांतील बाण तो विसरेल. स्वतः पाहिलेलें विसरणार नाहीं.

आजचीं मुलें उद्यां डॉक्टर होतील, इंजिनियर होतील, नगरपालिकेंत बसून झाड तोडावें कीं ठेवावें हें ठरवितील. एखादें नवें औषध किंवा नवा रस्ता पुढें आला असतां त्यांतल्या एकानें जरी थांबून ‘मग?’ असें विचारलें, तरी शिक्षकांचे आणि आईबापांचे श्रम सार्थकीं लागले असें मी म्हणेन.