दोन तारा, एकच नाला



फौजेत सिग्नल्सचं काम करणाऱ्याला एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात. पुढच्या चौकीपर्यंत टेलिफोनच्या दोन तारा टाकायच्या असतील, तर त्या दोन वेगळ्या वाटांनी न्यायच्या. एकाच नाल्यातून नेल्या, तर एक गोळा दोन्ही तोडतो. नकाशावर दोन तारा दिसतात, पण हातातला फोन मुका झालेला असतो.

आजचा विषय आहे एकापेक्षा जास्त क्लाउडवर डेटा ठेवणं. विषय नवा आहे, धडा मात्र तोच जुना.

हा धडा मी निवृत्तीनंतर पुन्हा शिकलो, आणि तोही चूक करून. आम्ही काही माजी सैनिक मिळून वीरनारींच्या पेन्शनची कागदपत्रं लावून देतो. पीपीओ, डिस्चार्ज बुक, विवाहाचा दाखला असं सगळं स्कॅन करून आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवलं होतं. दोन कंपन्या, म्हणजे आम्ही निर्धास्त! एके दिवशी आमच्यातल्या एकाने लॅपटॉपवर जागा करायची म्हणून एक जुना फोल्डर पुसला. दोन्हीकडे सिंक चालू होतं. हुकूम मिळताच दोन्ही क्लाउडनी तो फोल्डर पुसून टाकला. आमच्या लक्षात आलं ते अडीच महिन्यांनी, एका ताईंना पीपीओची प्रत हवी होती तेव्हा. ट्रॅशची मुदत केव्हाच संपली होती. त्यांची घरातली मूळ प्रत पावसात भिजून गेली होती. दुसरी प्रत मिळेपर्यंत त्यांना किती फेऱ्या पडल्या, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

दोष कुठल्याही कंपनीचा नव्हता. चूक आमची होती. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक तुमची चूकही तितक्याच इमानाने दुसरीकडे पोचवतं.

मोठ्या संस्थांचंही असंच होतं. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. मूळ डेटा आणि प्रत दोन्ही एकाच रात्री गेलं.

मे २०२४ मधली गोष्ट त्याहून बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा निवृत्तिवेतन निधी, सभासद सहा लाखांवर. त्यांचं काम गूगल क्लाउडवर चाले आणि त्याच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी होत्या. पण प्रायव्हेट क्लाउड एकच. तो उभारताना गूगलकडून एका अंतर्गत साधनात एक रकाना कोरा राहिला होता. त्यामुळे ठरावीक मुदत संपल्यावर तो आपोआप पुसला गेला, दोन्ही ठिकाणचा. सभासदांना साधारण आठवडाभर आपलं खातं पाहता येईना. वाचले कशामुळे? दोन्ही कंपन्यांच्या संयुक्त निवेदनात सांगितलं होतं, की दुसऱ्या सेवादाराकडेही बॅकअप होते, त्यामुळे नुकसान कमी झालं.

म्हणजे दुसरा क्लाउड कामाचा आहे. पण तो वेगळ्या वाटेने गेलेला हवा. त्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, किल्ल्या वेगळ्या. दोन्ही क्लाउडची खाती एकाच ईमेलवर, एकाच पासवर्डवर आणि एकाच मोबाइलच्या ओटीपीवर असतील, तर चोराला एकच कुलूप फोडायचं आहे. आणि हेही लक्षात ठेवा, की क्लाउड वाढला की दरवाजाही वाढतो. दुसऱ्या दारावर पहारा ठेवायला माणूस नसेल, तर ते उघडू नका.

दुसरी, एक प्रत अशी ठेवा की जी तुम्हालाही सहज पुसता येणार नाही. मोठ्या सेवांमध्ये 'ऑब्जेक्ट लॉक' असतं. ठरवलेल्या मुदतीत फाइल पुसता येत नाही. घरगुती कामाला एक हार्डडिस्क पुरते. कॉपी झाली की वायर काढून कपाटात ठेवायची.

तिसरी, डेटा पाठवण्याआधीच एन्क्रिप्ट करा, आणि त्याची किल्ली दोन विश्वासू माणसांकडे ठेवा. ती हरवली, तर दहा क्लाउड असूनही उपयोग नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, सराव. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या. एकही भरवशाची निघाली नाही. एकाने सहा तास आधी सहज काढून ठेवलेली प्रत कामी आली. न चालवलेली बंदूक आणि परत आणून न पाहिलेला बॅकअप, दोन्हींवर विसंबू नये. तीन महिन्यांतून एकदा दहा फाइली परत उतरवून, उघडून पाहा. खर्चही कळेल, बऱ्याच सेवा डेटा आत घ्यायला पैसे घेत नाहीत, बाहेर काढायला घेतात.

आणि जबाबदारी क्लाउडवाल्यावर ढकलता येत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्याने लोकांची माहिती गोळा केली, तोच तिच्या सुरक्षेला जबाबदार आहे. काम दुसऱ्याला दिलं तरीही.

तुम्ही इंदूरला मंडळाचे सभासद सांभाळत असाल, बेळगावात पतसंस्था किंवा हैदराबादेत दवाखाना चालवत असाल, आज घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारा : माझ्या दोन तारा एकाच नाल्यातून तर जात नाहीत ना?

आमच्या त्या ताईंचं पेन्शन आता नीट सुरू आहे. त्यांच्या पीपीओची एक प्रत माझ्या कपाटातल्या हार्डडिस्कवर आहे. दर तीन महिन्यांनी मी ती उघडून पाहतो.

जय हिंद.