दहा पेन्सची सही



शाळेच्या समारंभात पाहुण्यांनी थोरांची चरित्रं सांगावीत असा रिवाज आहे. मी आज मुद्दाम एका गुन्हेगाराची गोष्ट सांगणार आहे. तो पेशाने शिक्षक होता, म्हणून ती शाळेतच सांगायला हवी.

लॉरेन्स हाइन्स हॅलोरन. जन्म १७६५, आयर्लंडमधला. लहानपणीच पोरका झाला, मग आरमारात भरती झाला. पुढे इंग्लंडमध्ये शाळा चालवली, कविता छापल्या. ट्रॅफल्गारच्या लढाईत 'ब्रिटानिया' जहाजावर तो धर्मोपदेशक होता. आणि हेही सांगतो, की धर्मोपदेशकाची रीतसर दीक्षा त्याने घेतलेलीच नव्हती. खोटेपणा त्याच्या अंगात होता, त्यावर मी पांघरूण घालणार नाही.

त्या काळी ब्रिटनमध्ये टपाल फार महाग. पण पाकिटावर खासदाराची सही असली की पत्र फुकट जायचं. हॅलोरनने एका पत्रावर अशी सही स्वतःच ठोकली. सरकारचं नुकसान किती? दहा पेन्स! १८१८ साली लंडनच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली सात वर्षं काळ्या पाण्याची. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जून १८१९ मध्ये, 'बेअरिंग' नावाच्या कैदी जहाजातून तो सिडनीला उतरला.

तिथले गव्हर्नर होते लॅकलन मॅक्वारी. सुटलेल्या कैद्याला समाजाने पूर्ववत बरोबरीने वागवावं, यावर ते ठाम होते. अशा कैद्यांना ते आपल्या पंगतीला बसवत. स्वखुशीने आलेल्या बऱ्याच वसाहतकऱ्यांना ते मुळीच रुचत नसे. मॅक्वारींनी हॅलोरनला स्वतःची रोजीरोटी कमावण्याचा परवाना दिला आणि त्याने लगेच शाळा काढली. ऐपतदार लोक मुलांना शिकायला थेट इंग्लंडला धाडत, अशा गावात हा कैदी लॅटिन-ग्रीक शिकवू लागला. ज्यांच्या दिवाणखान्यात त्याला कदाचित खुर्चीही मिळाली नसती, त्यांची मुलं त्याच्यापुढे बसून धडे गिरवत होती.

शिक्षकहो, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतः करणारं पोर दर दोन-चार वर्षांनी तुमच्या वर्गात सापडतंच. त्याला शिक्षा जरूर करा. पण ती संपली की त्याचा बाक त्याला परत द्या, आणि पुढच्या इयत्तेतल्या बाईंच्या कानावर ती गोष्ट घालू नका. मला आज एवढंच मागायचं आहे.

हॅलोरन पुढे साधुसंत झाला नाही. भांडखोर तो शेवटपर्यंत राहिला. १८२५ मध्ये वर्गणीतून सिडनीत सार्वजनिक ग्रामर स्कूल निघालं, तो त्याचा मुख्याध्यापक झाला, पण विश्वस्तांशी बिनसलं आणि शाळा वर्षभरातच बंद पडली. १८२७ मध्ये काढलेलं 'ग्लीनर' हे वृत्तपत्रही काही महिन्यांतच मिटलं. शाळेची कल्पना मात्र लोकांनी सोडली नाही. २६ जानेवारी १८३० ला सिडनी कॉलेजची कोनशिला बसली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये हॅलोरन वारला, तिथले वर्ग भरलेले त्याने पाहिले नाहीत. १८५२ साली सिडनी विद्यापीठाचे पहिले वर्ग त्याच इमारतीत सुरू झाले, आणि १८५७ पासून तिथे सिडनी ग्रामर स्कूल भरतं आहे.